स्केनच्या लाल गोदामात जेवलेला मासा (डेन्मार्कमधली जुनी मासळीची जेवणघरं)

रापणकर

आईबाबा जूनमध्ये मालवणहून आमच्याकडे ऑर्हूसला आले होते. तिकडे १ जूनपासून मासेमारी बंद, सुक्या बांगड्यावर आणि सोड्यांवर दिवस काढायचे. त्यामुळे इथे तरी ताजी मासळी मिळेल अशी आईला फार आशा होती. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटातले प्लास्टिकमध्ये बांधलेले गुलाबी तुकडे बघून तिचा चेहरा उतरला. "डोक्यां नाय, शेपटी नाय, ह्येका मासो कसो म्हणूचो?" लहानपणी रापणीच्या दोरीला हात लावलेली बाई ती, तिला कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा पटत नाही.

म्हणून दोघांना घेऊन स्केनला गेलो. लिहिलेलं 'स्कागेन' दिसतं, पण इथले लोक 'स्केन' म्हणतात. डेन्मार्कच्या नकाशात सगळ्यात वर जे निमुळतं टोक आहे ते. ऑर्हूसहून फ्रेडरिक्सहाउनपर्यंत मोठी गाडी, तिथून छोटी लोकल. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या आणि खुरटी झाडं. बाबा खिडकीतून म्हणाले, "समुद्र जवळ आला, उजेड बदललो."

बंदरावर लाल रंगाची लाकडी गोदामं ओळीने उभी आहेत. उतरती छपरं, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या. स्केनला बंदर झालं १९०७ साली. त्याआधी होड्या सरळ वाळूवर ओढून घेत, अगदी आपल्यासारख्या. बंदर झालं तेव्हा मासळी उतरवायला आणि भरायला ही गोदामं बांधली, त्यांचा आराखडा थोरवाल बिंडेसबोल या वास्तुकाराचा. आज त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जेवणघरं आहेत. म्हणजे ज्या फळ्यांवरून एकेकाळी माशांच्या पेट्या ओढल्या, त्यांच्यावर खुर्ची टाकून आपण बसतो. मला या जेवणात सगळ्यात जास्त भावलं ते हे. जागा आणि ताट एकाच धंद्यातले आहेत.

वरच्या मजल्यावर जागा मिळाली. डोक्यावर तुळया, भर दुपारी टेबलावर पेटवलेली मेणबत्ती, खाली बंदरात निळे ट्रॉलर.

पहिल्यांदा आला हेरिंग. डॅनिशमध्ये 'सिल'. हा मासा आपल्या तारलीच्या जातकुळीतला, जरा मोठा आणि जास्त तेलकट. मिठात मुरवलेला, मग व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात मिरी, ऑलस्पाइस आणि कांद्याबरोबर ठेवलेला. सोबत काळा, जड, आंबूस राईचा पाव, 'रूब्रॉ'. त्यावर लोणी इतकं जाड की चावलं की दाताचा ठसा उमटावा. त्याला डॅनिशमध्ये शब्दच आहे, 'तॅनस्म्योर', म्हणजे दातलोणी. आईने पहिला घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसरी वाटी पुढे ओढली. तो होता 'कारीसिल', पिवळ्या सॉसमधला हेरिंग, त्यात सफरचंदाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं. तिने वास घेतला. "हळद असा ह्येच्यात." होतीच. करी पावडर. डेन्मार्कमध्ये नाताळला, ईस्टरला हा कारीसिल घरोघरी असतो.

हेरिंग संपल्यावर मी त्याच ताटलीत पुढचं घ्यायला निघालो, तर वाढणारी मुलगी थांबली. तिने ताटल्या उचलल्या, काटे-सुऱ्यासुद्धा उचलल्या आणि स्वच्छ आणून ठेवल्या. हेरिंगचं व्हिनेगर पुढच्या माशाला लागता कामा नये. आईला ही गोष्ट इतकी आवडली की तिने त्या मुलीचा हात हातात घेतला.

मग आला अख्खा तळलेला रोस्पेटे. इंग्रजीत त्याला प्लेस म्हणतात. ताटभर पसरलेला चपटा मासा, तपकिरी पाठीवर नारिंगी ठिपके, कडा लोण्यात कुरकुरीत झालेल्या. डोकं जागेवर, शेपटी जागेवर. "अगो बाय, ह्यो तर लेपो!" असं म्हणून आई खाली वाकून बघायला लागली, आणि मग म्हणाली, "नाय. लेप्याचे डोळे डाव्या अंगाक. ह्येचे उजव्या." मी घरी येऊन तपासलं, ती बरोबर होती. आपला लेप डावखुरा, रोस्पेटे उजवा. पिल्लू असताना दोघांचेही डोळे दोन बाजूंना असतात, वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो.

तिने सुरीने मधल्या रेषेवर चीर दिली, दोन्हीकडचं मांस बाजूला सारलं आणि काटा शेपटीपासून वर उचलला. एकसंध निघाला. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ बघत होते, त्यांनी तिच्याकडे बघून ग्लास उंचावला, 'स्कोल'. माशावर मसाला नव्हता. लोणी, मीठ, लिंबू, बाजूला पार्सलीचा पांढरा सॉस आणि उकडलेले नवे बटाटे. आई म्हणाली, "ह्येका काय लावल्यानीच नाय, आणि लावूची गरजच नाय. सकाळचो मासो असा."

उठताना 'ताक फॉ मॅद' म्हणायचं असतं, म्हणजे जेवणाबद्दल आभार. आईने ते लगेच उचललं, ताक आहे म्हणून.

डेन्मार्कमध्ये अशा जुन्या वास्तूत मासळी जेवलेल्यांनी जरूर लिहा. कुठे, काय, कसं. माहिती एका जागी जमेल.

आगरी_पोर

वाह दादा! लेपाचे डोळे डावीकडे हे आमच्या उरणलाही जुन्या बायका सांगतात, पण मी कधी पडताळून बघितलं नव्हतं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

एक प्रश्न: तो हेरिंग कच्चा असतो का? मिठात मुरवलेला म्हणजे शिजवलेला नाहीच ना?

शेवंड

मी जरा वेगळं मत मांडतो. दोन वर्षांपूर्वी कोपनहेगनला न्यूहाउनच्या कालव्यावर एका ठिकाणी जेवलो. जुनी रंगीत घरं, फोटोत दिसतात तशीच सुंदर. आत हेरिंगचा बुफे होता. आठ-दहा प्रकार, सगळे गोड. टोमॅटोतला गोड, मोहरीतला गोड, शेरीतला गोड. मासा गोड कसा खायचा? माझ्या डोक्यात मासा म्हणजे तिखलं, आमसूल, त्रिफळ. तिघांचे मिळून जे पैसे गेले त्यात मुंबईत घरच्या सगळ्यांना शेवंडं खाऊ घातली असती. इमारतीबद्दल आदर आहे, मुरवण्याबद्दलही आहे. पण चवीचं कौतुक करताना आपण जागेच्या सौंदर्याला भुलतो का, असं मला खरंच वाटतं. रापणकर, तुमच्या आईंना आवडलं याचा आनंद आहे, तरी हे विचारावंसं वाटलं.

रापणकर

@आगरी_पोर, शिजवलेला नसतो, पण कच्चाही म्हणता येणार नाही. पिंपात मीठ घालून कित्येक आठवडे मुरतो, त्यात मांस घट्ट होतं आणि चव तयार होते. मग पाण्यात खार उतरवायचा आणि व्हिनेगरात टाकायचा. आपला खारा बांगडा भिजवून घेतो तीच पायरी.

@शेवंड, प्रश्न रास्त आहे. गोडीबद्दल सांगतो. मिठाने राठ झालेल्या माशाला व्हिनेगर लागतं आणि व्हिनेगर सौम्य करायला साखर. ती गोडी एकटी खायची नसते. खाली राईचा आंबूस पाव, त्यावर जाड लोणी, वर कच्चा कांदा, केपर्स. पाव काढून टाकला तर लोणचं भाताशिवाय खाल्ल्यासारखं होतं. बुफेत आठ प्रकार एका ताटलीत आले की त्यांचे रस एकमेकांत जातात आणि फक्त साखर उरते. पुढच्या वेळी दोनच प्रकार घ्या, एक साधा पांढरा आणि एक कारीसिल, पाव अजिबात सोडू नका.

आणि मिठाची ही विद्या इथल्या लोकांनी हौसेखातर शिकलेली नाही. मध्ययुगात डेन्मार्क आणि आजच्या स्वीडनच्या मधल्या ओरेसुंद सामुद्रधुनीत दर शरदात हेरिंगचे प्रचंड थवे यायचे. स्कोने प्रांत तेव्हा डॅनिश राजाचा. तिथल्या स्कानोर आणि फाल्स्टरबोच्या किनाऱ्यावर मोठा बाजार भरायचा. ल्युबेकचे व्यापारी ल्युनेबुर्गचं मीठ घेऊन यायचे आणि खारवलेला मासा पिंपांत भरून न्यायचे. कॅथलिक युरोपात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालायचा, त्यामुळे मागणी अफाट. मीठ बाहेरचं, मासा इथला, त्यातून ही चव झाली. मी ती खाताना इमारत डोळ्यांआड करून बघितली आहे, ऑर्हूसच्या घरी स्टीलच्या ताटात. तेव्हाही आवडली.

मीनल_पवई

हा धागा बघून राहवलं नाही, पहिल्यांदाच इतकं मोठं लिहितेय.

माझे बाबा पवईला लार्सन अँड टुब्रोत होते. अनेकांना हे नाव इंग्रजी किंवा अमेरिकन वाटतं. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघं डॅनिश इंजिनिअर, सिमेंटच्या यंत्रांच्या कामासाठी भारतात आलेले, आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी भागीदारी सुरू केली. सुरुवातीला डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून विकायचे. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, माल येणं थांबलं, तेव्हा इथेच छोट्या कारखान्यात वस्तू बनवायला लागले. होल्क-लार्सन शेवटपर्यंत मुंबईत राहिले, २००३ मध्ये तिथेच गेले. आमच्या घरात 'डेन्मार्क' हा शब्द लहानपणापासून आदराने उच्चारला जायचा. बाबांनी तो देश कधी पाहिला नाही.

गेल्या वर्षी मी आणि नवरा कोपनहेगनला गेलो तेव्हा ठरवून गॅमेल स्ट्रँडला गेले. अर्थ 'जुना किनारा'. कालव्याच्या काठाने उंच जुनी घरं, समोर क्रिस्टियान्सबोर राजवाडा. इथे पिढ्यान्पिढ्या मासळीबाजार भरायचा. शहराच्या उत्तरेला स्कोव्सहोवेद नावाचं कोळीवाड्यासारखं गाव आहे, तिथल्या बायका मासे घेऊन इथे बसायच्या. बाजार आता नाही. पण पुलाजवळ मासेवालीचं शिल्प आहे, १९४० साली बसवलेलं. डोक्याला रुमाल, अंगावर जाड कपड्यांचे थर, रुंद बांधा. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला आमच्या दारावर येणारी कोळीण आठवली. पाटी उतरवून उंबऱ्यावर बसायची, आईशी भावावरून भांडायची आणि जाताना माझ्या हातात एक जास्तीची कोलंबी ठेवायची. थंडीचे कपडे सोडले तर बसण्याची ढब तीच.

त्याच रस्त्यावर १९१० साली क्रोग्स नावाचं मासळीचं रेस्टॉरंट सुरू झालं. बाजारासमोरच्या घरात, म्हणजे माल रस्ता ओलांडून येत असणार. आम्ही मात्र थोडं पुढे, एका तळघरातल्या साध्या जागी दुपारचं जेवलो. पाच पायऱ्या खाली उतरायचं, छत इतकं खाली की नवरा मान वाकवून आत आला. खिडकीतून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात.

आम्ही स्ट्येर्नेस्कूद मागवलं. अर्थ 'तुटता तारा'. पांढऱ्या पावाच्या भाजलेल्या कापावर रोस्पेटेचे दोन तुकडे, एक वाफवलेला आणि एक तळलेला, वर कोळंबीचा ढीग, शतावरीचे देठ, गुलाबी सॉस, लिंबू आणि माथ्यावर चमचाभर गाबोळी. डॅनिश लोक 'कॅविअर' म्हणतात, पण ही स्टेनबिडर नावाच्या बोजड, खडबडीत माशाची अंडी. मी डोळे मिटून खाल्ली. भरलेल्या पापलेटातून गाबोळी निघाली की आई ती बाबांच्या ताटात वाढायची. मी तो चमचा शेवटपर्यंत ठेवला होता.

वास्तुवेडा

मीनलताई, फार सुंदर लिहिलंत. तुमची आणि रापणकरांची जागा एका घराण्याने जोडलेली आहे, ते सांगतो.

गॅमेल स्ट्रँडवरून कालव्यापलीकडे राजवाड्याशेजारी पिवळसर रंगाची इमारत दिसते, भिंतीवर बाहेरून चित्रांचा पट्टा. ते थोरवाल्डसन म्युझियम, १८४८ साली उघडलं. शिल्पकार थोरवाल्डसन १८३८ मध्ये रोमहून परत आले त्या स्वागताचं चित्र भिंतीवर आहे. त्याचा वास्तुकार गॉटलीब बिंडेसबोल. त्यांनी मुलाचं नाव शिल्पकारावरूनच थोरवाल ठेवलं. आणि हा थोरवाल बिंडेसबोल म्हणजे स्केनच्या लाल गोदामांचा कर्ता. बाप मासळीबाजारासमोर संग्रहालय बांधतो आणि मुलगा देशाच्या टोकाला मासळीची गोदामं. कार्ल्सबर्ग बिअरच्या बाटलीवरचं लेबलही या मुलाचंच, १९०४ चं. रापणकर, तुमच्या शेजारच्या गृहस्थांनी बहुतेक त्याच लेबलचा ग्लास उंचावला असेल.

मी कामानिमित्त त्या गोदामांकडे मुद्दाम बघायला गेलो होतो. माणसाने पेट्या उचलायच्या, गाडीत चढवायच्या, वास बाहेर जायला हवा, पाणी वाहून जायला हवं, एवढ्याच गरजा. पण छपरांचा उतार आणि खिडक्यांची ओळ अशी बसवली आहे की लांबून गावच दिसावं. साध्या कामाच्या इमारतीला इतका विचार द्यावा हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे ससून डॉक १८७५ चा. तिथल्या जुन्या शेडमध्ये कधी कोणी मान देऊन मासा वाढला तर मी पहिला जाईन.

कोपनहेगनच्या जुन्या भागात जेवायला जाल तेव्हा चौकातल्या इमारतींचे कोपरे बघा. तिरके छाटलेले दिसतील. १७९५ च्या मोठ्या आगीनंतर नियमच केला, आग विझवायच्या लांब शिड्यांच्या गाड्या वळल्या पाहिजेत.

सई_शाकाहारी

चर्चा छान चालू आहे. मला नवऱ्याबरोबर सप्टेंबरमध्ये जायचंय, तो मासे खातो, मी नाही. अशा ठिकाणी माझ्यासाठी काही असतं का, की मी बाहेर सँडविच खाऊन त्याच्यासमोर नुसती बसू?

उत्तरा_अमागर

सई, नुसती बसू नका. 'कार्टोफेलमॅद' मागा. राईच्या पावावर लोणी, त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज, बारीक चिरलेली चाइव्ह्जची पात आणि कुरकुरीत तळलेला कांदा. जुन्या जेवणघरांत हा पदार्थ मासळीच्याच मानाने वाढतात. मेयोनीजमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर आधी सांगा, नुसत्या लोण्यावर देतात.

मी कोपनहेगनला अकरा वर्षं आहे, जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं.

हे सगळं दुपारचं जेवण आहे, 'फ्रोकोस्त'. संध्याकाळी सहाला जाऊन हेरिंग आणि स्मरब्रॉ (पावाच्या कापावर रचलेली उघडी सँडविचेस) शोधाल तर बहुतेक ठिकाणी दार बंद मिळेल. आमच्याकडे पाहुणे आले होते, आम्ही रमतगमत अडीचला एका जुन्या जागी पोचलो आणि स्वयंपाकघर बंद झालं होतं. दोन म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या उतरवून परत चढवावं लागलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी बाराचीच वेळ घेते आणि आधी फोन करून विचारते, पायऱ्या किती. तळघरं सुंदर असतात पण गुडघ्यांचा विचार करा.

क्रम मोडू नका: हेरिंग, मग बाकी मासळी, मग मांस असेल तर मांस, शेवटी चीज. हेरिंग कायम काळ्या पावावर. कोळंबी पांढऱ्या पावावर. उघडं सँडविच असलं तरी हाताने उचलायचं नाही, काटा-सुरी. हेरिंगबरोबर ओव्याच्या जवळ जाणाऱ्या कॅरवेच्या वासाचं थंडगार आक्वाव्हिट, म्हणजे इथली कडक दारू, घेतात. घ्यायचं असेल तर 'स्कोल' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, पिऊन झाल्यावर पुन्हा एकदा बघा. न बघता प्यायलं तर लोकांना ते परकं वाटतं.

पैशांचं: स्ट्येर्नेस्कूद दोनशे क्रोनरच्या आसपास धरा. एकाने दोन पदार्थ घेतले तर पोट भरतं, तिसरा मागवू नका. टीपची सक्ती नाही, सेवेचे पैसे किमतीत धरलेले असतात. पाण्याचे पैसे लावतात.

हंगाम बघून गेलात तर सोनं. फेब्रुवारी-मार्चला ताजी स्टेनबिडरची गाबोळी, ब्लिनी (छोटी जाडसर धिरडी) आणि आंबट सायीबरोबर. तेव्हा ती नारिंगी-गुलाबी असते, बरणीतल्या काळ्या रंगवलेल्या दाण्यांशी तिचं नातं शोधू नका. वसंतात फ्योर्डातली (जमिनीत शिरलेल्या खाडीतली) चिमुकली कोळंबी, आपल्या करंदीएवढी, हाताने सोललेली. जूनमध्ये साम्सो बेटाचे नवे बटाटे.

एसबियर्गचा_वारा

सगळे हेरिंग आणि रोस्पेटेवर बोलताय, आमच्या पश्चिम किनाऱ्याचा मासा राहिला. मी एसबियर्गला पवनचक्क्यांच्या कामात आहे, मूळ अलिबागजवळचा.

इथे 'बाक्सकुल' मिळतो. ईसिंग नावाचा छोटा चपटा मासा, मिठात घालून वाळवलेला आणि मग धुरी दिलेला. तव्यावर लोण्यात परततात, कातडी सोलतात आणि राईच्या पावावर खातात. पहिल्यांदा परतल्याचा वास आला तेव्हा मी रस्त्यात थांबलो. आजीच्या चुलीवर सुका बोंबील भाजताना यायचा त्याच्या इतक्या जवळचा वास मला या देशात दुसरीकडे मिळालेला नाही. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना तो वास उग्र वाटतो, कोपनहेगनच्या लोकांनी तर नावही ऐकलेलं नसतं. मी त्यांना म्हणतो, हा गरिबाच्या घरचा, वादळात होडी बाहेर पडत नसे त्या दिवसांचा मासा आहे, याला नाक मुरडू नये.

बंदरातून फेरीने बारा मिनिटांत फानो बेट. त्याच्या दक्षिण टोकाला सॉन्डरहो गाव, गवताने शाकारलेली बुटकी घरं, सगळी एकाच दिशेने पूर्व-पश्चिम उभी, वाऱ्याला अंगाची कड देऊन. तिथली खानावळ १७२२ ची आहे, सॉन्डरहो क्रो. आईबाबा आले की मी तिथेच नेतो. दाराची चौकट कमी उंचीची, आत गेलं की बाहेरच्या वाऱ्याचा आवाज एकदम तुटतो. हे गाव खलाशांचं. पुरुष वर्षातले कित्येक महिने समुद्रावर, घर-शेत बायकांच्या हाती. माझ्या आईला ते समजावून सांगावं लागलं नाही.

शेवंड

उत्तराताई आणि रापणकर, धन्यवाद. तुमचे प्रतिसाद वाचून लक्षात आलं की मी रात्री जेवलो होतो, पाव बाजूला ठेवला होता आणि सगळे प्रकार एकत्र घेतले होते. वारा, बाक्सकुलबद्दल वाचून तर पाणी सुटलं. मे महिन्यात परत जायचा योग आहे, या वेळी स्केन नक्की. तिथे जेवणाशिवाय काय बघावं?

रापणकर

@शेवंड, गोदामांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर ब्रोन्डुम्स हॉटेल आहे, १८५९ पासूनची खानावळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी देशभरातले चित्रकार स्केनच्या उजेडासाठी इथे येऊन राहिले, मिकाएल अँकर, क्रॉयर आणि बरेच जण. ते याच ठिकाणी जेवायचे. त्या जुन्या जेवणघराच्या भिंतीत त्यांनी एकमेकांची चित्रं बसवली होती. ती अख्खी खोली आता शेजारच्या स्केन म्युझियममध्ये हलवली आहे, पाहिल्याशिवाय येऊ नका.

असं सांगतात की १८५९ च्या ऑगस्टमध्ये परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन तिथे उतरले होते. जेवण यायला उशीर झाला म्हणून ते रागावले, दिवस भरलेल्या मालकीणबाईंची धांदल झाली, आणि त्याच रात्री तिला मुलगी झाली. ती मुलगी ॲना अँकर, माझ्या मते त्या सगळ्या चित्रकारांत सगळ्यात खरी. मिकाएल अँकरने वादळातले कोळी रंगवले, तिने स्वयंपाकघरातला उजेड रंगवला. आई तिच्या एका चित्रासमोरच्या बाकावर वीस मिनिटं बसली होती.

नंतर ग्रेनेनला जा, वाळूच्या टोकावर. दोन समुद्र तिथे येऊन एकमेकांवर आपटतात, स्कॅगेरॅक आणि कॅटेगॅट. लाटा समोरासमोर येतात. पाय बुडवा, पोहू नका, ओढ भयंकर आहे.

आगरी_पोर

दादा, मला त्या व्हिनेगरवाल्या माशाची कृती हवी आहे. इथे हेरिंग कुठून आणू? बांगडा किंवा तारली चालेल का?

रापणकर

चालेल, पण कच्चा मासा मुरवायच्या भानगडीत घरी पडू नका. डॅनिश लोकांचा दुसरा प्रकार आहे, तळून व्हिनेगरात टाकलेला हेरिंग. तो आपल्याला जमण्यासारखा आहे. आईने मालवणला परत गेल्यावर, बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये तो तारलीचा केला. तिने सांगितलेलं प्रमाण देतो.

एक किलो तारली, डोकं काढून, पोट साफ करून, उघडून मधला काटा काढायचा. मीठ, मिरपूड. डॅनिश लोक राईच्या पिठात घोळवतात, आईने नाचणीचं पीठ घेतलं. तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस करायची, मोडायला नको. तीन वाट्या व्हिनेगर, एक वाटी पाणी, दीड वाटी साखर, दहा-बारा मिरी, दोन तमालपत्रं एकत्र उकळून पूर्ण गार करायचं. तिने गोव्याहून माडाचं व्हिनेगर मागवलं होतं, त्याला स्वतःची गोडी असते म्हणून साखर एक वाटीच घेतली. काचेच्या भांड्यात मासा, वर कांद्याच्या चकत्या, वरून गार व्हिनेगर. मासा बुडाला पाहिजे. फ्रीजमध्ये एक दिवस, दोन दिवस ठेवला तर अजून छान. चार-पाच दिवसांत संपवा.

काल तिचा फोन आला होता. शेजारच्या काकींना नाचणीच्या भाकरीच्या तुकड्यावर तो मासा दिला. काकींनी विचारलं, एवढं लोणी कशाला? आईने त्यांना आधी चावायला लावलं आणि मग भाकरी हातात धरून दाताचा ठसा दाखवला.

आगरी_पोर

रविवारी करतो. तारली मिळाली नाही तर बांगडा. फोटो टाकेन.